नाकासमोर न चालणारे

ग्युमरीत त्या हिवाळ्यात वीज दिवसाला तासभर यायची,
आणि कधी, ते कुणालाच ठाऊक नसायचं.
म्हणून शुशानिक बाईंनी प्रयोगशाळेचं वेळापत्रक
शेगडीत घातलं. "वीज येईल तेव्हा तास."
आम्ही कोट न काढता बसून राहायचो,
हातमोज्यांची बोटं कापलेली,
पेन्सिल धरता यावी एवढ्यापुरती.

पहिल्या दिवशी रोध.
तपकिरी, अंगावर पट्टे, नाकासमोर चालणारा.
व्होल्ट दुप्पट, तर प्रवाह दुप्पट. तिप्पट, तर तिप्पट.
आलेखावर फूटपट्टी ठेवली, तर सगळे ठिपके
तिच्या कडेला प्रार्थनेला उभे.

मग बाईंनी टॉर्चचा दिवा जोडला.
सुरुवातीचे ठिपके शहाण्यासारखे चढले,
पुढे खांदे पाडून वाकत गेले.
पुस्तकात रेषा सरळ होती.
मी खोडरबर काढलं, शेवटचे चार ठिपके उचलले
आणि रेषेवर आणून ठेवले.
बाईंनी वही दिव्याशी धरली.
"न्वार्द, तो खरं सांगत होता.
तापलेल्या तारेतून वाट काढणं जड जातं.
तू त्याला शेवटपर्यंत गारच धरलंस."
ठिपके परत जिथल्या तिथे.
खोडल्याचा डाग तेवढा राहिला.

डायोड तर उंबरठ्यातच बसून.
शून्य दशांश तीन, काही नाही.
चार, काही नाही.
काटा मेला की काय, म्हणून सेयराननं मीटरला टिचकी मारली.
पाच, जरासा कण्हला.
सहा. आणि सात होता होता असा सुटला
की बाईंनी धावत जाऊन बटण बंद केलं.
उलटा जोडला, तर मख्ख.
कितीही विनवा.
"आमचे सासरे," बाई म्हणाल्या,
आणि त्या वर्षी आम्ही त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

एका गुरुवारी वीज आलीच नाही.
एक बॅटरी, एक मीटर, आणि मसुराच्या दाण्याएवढा थर्मिस्टर.
गार असला की अडवतो, ऊब लागली की सोडतो.
हातमोजा काढायचा, चिमटीत धरायचा,
शंभर मोजायचे.
सेयरान अकरा. लुसाबेर चौदा, ती फुशारली.
मी नऊ.
होवनानचा काटा हलेना.
भूकंपानंतर चार वर्षं ते पाच जण
लोखंडी कंटेनरमध्ये राहत होते, स्टेशनामागे.
शंभर झाले. दोनशे झाले.
कुणी हसलं नाही.
बाईंनी त्याची मूठ, आत दाणा तसाच,
आपल्या दोन्ही हातांत घेतली.
काटा सावकाश उठला.
चार. सात. बारा.
"हे वाचन कुणाच्या नावावर लिहू?" मी विचारलं.
"लिही," बाई म्हणाल्या. "नाव नको."

मार्चमध्ये वीज आली ती वेडीपिशी होऊन,
दोनशेवीसच्या जागी तीनशेऐंशी.
आमच्या गल्लीतले सगळे टीव्ही एका दमात गेले.
आमचा वाचला.
दुरुस्तीवाल्या वाराझ्दातनं आत डाख देऊन ठेवली होती
एक निळी चकती, कपाळावरच्या टिकलीएवढी.
तेव्हा वडिलांनी विचारलं होतं, ही करते काय?
"काहीच नाही," तो म्हणाला होता. "रोज काहीच नाही."
ती उकलून काळी पडली होती,
जळक्या वासाची.

चिकटपट्टीनं मी ती वहीत लावली,
बिननावाच्या बाराच्या समोरच्या पानावर.
तिथे आलेख नाही.
सगळे ठिपके शून्याच्या रेषेवर झोपलेले असते,
एकच सोडून,
आणि तो कागदात मावला नसता.